डॉक्टर ताईंना विचारा: फल्ली तेल अंगाला लावायचं का, कोणी आणि कुठे

जानेवारीच्या अंकात थंडीतल्या कोरड्या कातडीबद्दल लिहिताना मी एक ओळ लिहिली होती, की आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच थोडं फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, चोळलं तरी पुष्कळ काम होतं, महागडी बाटली आणायलाच पाहिजे असं काही नाही. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर शेंगदाण्याच्या तेलालाच देऊन टाकलं. विदर्भात हे तेल घरोघरी असतं, फोडणीला असतं, मग अंगालाही जातं, त्यामुळे प्रश्न खरेच महत्त्वाचे आहेत. जिथे जास्त बोलायला पाहिजे होतं तिथे जास्त बोलले आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात.

प्रश्न: ताई, माझा नातू अडीच महिन्याचा आहे. मालिशवाली बाई रोज कोमट फल्ली तेलाने मालिश करून राहिली, आमच्या घरी तीन पिढ्या हेच चालत आलं. पण पंधरा दिवस झाले बाळाचे गाल लाल झाले, खरखरीत झाले, कोपराच्या घडीत पण तसंच आहे, रात्री गाल उशीवर घासतो. सूनबाई म्हणते तेल बंद करा, मी म्हणते तेल कमी पडून राहिलं म्हणून कोरडं पडलं. कोणाचं बरोबर? – एक आजी, महाल

आजी, नमस्कार. यावेळी सूनबाईचं ऐका, आणि का ते मी नीट सांगते, कारण या पानावर मला जर एकच गोष्ट सगळ्यांना सांगायची असेल तर ती हीच आहे.

तुम्ही जे वर्णन केलं, गाल लाल, खरखरीत, खाज, कोपराच्या घडीत चट्टे, ते बहुतेक बाळाचा एक्झिमा आहे. अशा कातडीचं वरचं आवरण कच्चं असतं, बारीक बारीक भेगा असतात, आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं सगळं आत जातं. लाकडी घाण्याच्या फल्ली तेलात शेंगदाण्याचं प्रोटीन अगदी थोडं का होईना उरलेलं असतं. शरीराची संरक्षण यंत्रणा अशी आहे की जी वस्तू पोटाच्या वाटेने येते तिला ती पाहुणा समजते, आणि जी फाटलेल्या कातडीतून घुसते तिला चोर. एकदा चोर ठरवलं की पुढे तीच वस्तू खाल्ल्यावर सुद्धा शरीर अंगावर धावून जातं, अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, कधी श्वास अडकतो.

हे मी मनचं सांगत नाही. इंग्लंडमध्ये एव्हन भागातल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला, त्याचा निष्कर्ष २००३ साली छापून आला, आणि त्यात ज्या मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली त्यांच्यात लहानपणी रॅशवर शेंगदाणा तेल असलेली क्रीमं लावलेली मुलं जास्त निघाली. मग पुढची गोष्ट तर अजून महत्त्वाची. त्याच संशोधकांच्या लक्षात आलं की इस्रायलमध्ये बाळं लवकरच शेंगदाण्याचा मऊ खाऊ खायला लागतात आणि तिथे ही अ‍ॅलर्जी इंग्लंडमधल्या ज्यू मुलांच्या मानाने फार कमी आहे. म्हणून त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, ज्यांना जबर एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती अशीच, अर्ध्यांना शेंगदाणा खायला दिला आणि अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात दिला नाही. २०१५ मध्ये निकाल आला, खाणाऱ्यांमध्ये अ‍ॅलर्जी जवळपास ८० टक्के कमी. म्हणजे शेंगदाणा बाळाचा दुश्मन नाहीच, तो कुठून आत जातो यावर सगळं आहे.

आपल्याकडे ही अ‍ॅलर्जी तिकडच्यापेक्षा कमी दिसते हे खरं, तुमच्या तीन पिढ्यांना काही झालं नाही हेही खरं, कारण निरोगी कातडीच्या बाळाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण या बाळाची कातडी आत्ता निरोगी नाही.

तर आता काय करायचं. फल्ली तेल बंद, मोहरीचं पण नको, ते तर अजून झोंबतं. बेसन-हळदीने घासणं बंद, साबण अगदी नावाला, आंघोळ कोमट पाण्याची आणि लवकर आटोपायची, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा भरपूर लावायचं. साधं शुद्ध खोबरेल सुद्धा बऱ्याच बाळांना मानवतं. आठवड्यात फरक दिसला नाही किंवा चट्ट्यातून पाणी यायला लागलं तर बाळाच्या डॉक्टरांना दाखवा, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या स्किन ओपीडीत दाखवा, घरच्या घरी ट्यूब आणून लावू नका.

मालिश मात्र बंद करू नका हो आजी. हात फिरवणं, बाळाशी बोलणं, हातपाय हलवणं हे सगळं चांगलंच आहे, फक्त हलक्या हाताने आणि तेलाऐवजी त्याच मॉइश्चरायझरवर. मालिशवाल्या बाईला एवढं नक्की सांगा, की नाकात, कानात, बेंबीत तेल सोडायचं नाही (नाकातलं तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो), बाळाची छाती दाबून दूध काढायचं नाही, आणि टाळूवर तेल थापून दाबायचं नाही. आणि बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागलं की डॉक्टरांना विचारून दाण्याचं एकदम बारीक कूट खिमटीत पातळ कालवून द्या. एक्झिमा जबर असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, श्वासनळीत अडकतो.

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे, मिहानमध्ये जॉब करते, दिवसभर एसीत बसून चेहरा ओढल्यासारखा होतो म्हणून रात्री फल्ली तेलाने फेस मसाज सुरू केला, महिनाभरात हनुवटीवर आणि कपाळावर बारीक पुळ्या आल्या. तेलाने डिटॉक्स होतंय म्हणून पुळ्या येतात का? – मानेवाडा

नाही गं. पुळ्या आल्या म्हणजे रोमछिद्रं बंद होऊन राहिली, डिटॉक्स वगैरे काही नाही. तेल किती छिद्रं बुजवतं याची ० ते ५ अशी एक यादी फिरत असते आणि तिच्यात फल्ली तेलाला २ दिलेले असतात, पण ती यादी मूळची सशाच्या कानावर तेलं लावून केलेल्या प्रयोगांवरून आलेली आहे, तिच्यावर फार विसंबू नको, आपल्या चेहऱ्यावर काय होतं तेच खरं. तेल बंद कर, चेहऱ्याला हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर लाव. कपाळावरच्या पुळ्या खाजत असतील आणि डोक्यात कोंडा असेल तर डोक्यालाही तेल नको, कोंड्याच्या मागे जी बुरशी असते ती तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवरच पोसते. हातापायांना लाव की खुशाल.

प्रश्न: इतवारीतून लाकडी घाण्याचं फल्ली तेल आणलं, खायला आणि अंगाला दोन्हीसाठी. डिसेंबरात ते बाटलीत गढूळ झालं, खाली साका बसल्यासारखं. मिस्टर म्हणतात पामतेल मिसळलं आहे, दुकानदार म्हणतो हेच शुद्धतेचं लक्षण. आणि अंगाला घाण्याचं बरं की रिफाइंड? – काटोल रोड

दोघांचंही पूर्ण बरोबर नाही. फल्ली तेलात काही लांब साखळीची संपृक्त फॅटी अ‍ॅसिडं असतात, अ‍ॅराकिडिक, बेहेनिक वगैरे, ती थंडीत आधी गोठतात आणि तेल गढूळ दिसतं. आपल्या नागपूरला रात्री पारा ८-१० वर उतरतो तेव्हा असं होणारच, बाटली उन्हात ठेवली की परत नितळ. पण पामतेल पण थंडीत गोठतं, त्यामुळे गढूळ झालं म्हणून भेसळ असंही नाही आणि गढूळ झालं म्हणून शुद्ध असंही नाही. फ्रीजमध्ये ठेवून शुद्धता तपासायचे जे व्हिडिओ येतात ते या तेलाला लागूच होत नाहीत. खरी तपासणी लॅबमध्येच होते.

अंगाला कोणतं, तर इथे माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. खायला घाण्याचं घ्या, त्याला चव आहे, वास आहे. अंगाला लावायला मी रिफाइंड सांगते. कारण परत तेच, प्रोटीन. रिफाइंड करताना ते जवळपास सगळं निघून जातं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६० माणसांना दोन्ही तेलं देऊन पाहिली, रिफाइंडने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. घाण्याच्या तेलात व्हिटॅमिन ई जास्त उरतं असं म्हणतात, पण मुळात फल्ली तेलात ते १०० ग्रॅमला १५ मिलिग्रॅमच्या आसपास, सूर्यफुलात त्याच्या अडीचपट, तेव्हा तेवढ्यासाठी घाण्याचंच लावलं पाहिजे असं काही नाही. ज्यांच्या घरात कोणालाच अ‍ॅलर्जी नाही, कातडी धडधाकट आहे, त्यांनी घाण्याचं लावलं तर माझी काही हरकत नाही.

तेल कातडीवर करतं काय तेही सांगून टाकते, कारण बऱ्याच पत्रांत हे आहे. तेलात पाणी नसतं, त्यामुळे ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून ठेवतं. म्हणून तर कोरड्या ठणठणीत अंगावर तेल चोळून काही उपयोग नाही, आंघोळ झाल्या झाल्या दोन-तीन मिनिटांत लावायचं. फल्ली तेलात साधारण निम्मं ओलेइक आणि तिसरा हिस्सा लिनोलेइक अ‍ॅसिड असतं. लिनोलेइक कातडीचं आवरण बांधायला मदत करतं आणि ओलेइक जास्त झालं तर ते आवरण थोडं सैल करतं, त्यामुळे धडधाकट कातडीला हे तेल ठीक, नाजूक आणि एक्झिमाच्या कातडीला सूर्यफूल त्यापेक्षा बरं.

आणि तीन गोष्टी कळकळीने सांगते. तेल छोट्या बाटलीत, अंधारात ठेवा, आपल्या उन्हाळ्यात गॅसच्या ओट्यावर ठेवलेलं तेल लवकर खवट होतं आणि खवट तेल कातडीला झोंबतं. दुसरं म्हणजे दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल पायाला चोळायची जी सवय आहे ती सोडा, जळालेल्या तेलात काय काय तयार झालेलं असतं. तिसरं, घाण्यावर जात असाल तर दाणे डोळ्याने पाहून घ्या, काळपट, बुरशी आलेले, कडू दाणे असतील तर त्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असू शकतं, त्यातलं बरंच ढेपेत राहतं पण थोडं तेलातही येतं.

प्रश्न: माझं वय ६८, रिटायर्ड शिक्षक. गुडघे दुखतात. बायको फल्ली तेलात लसूण, ओवा जाळून रोज रात्री चोळून देते, बरं वाटतं. मुलगा म्हणतो तेल काय हाडात जाते का? विज्ञान काय म्हणते जी? – नंदनवन

सर, तेल हाडात जात नाही. कातडीच्या अगदी वरच्या थरात थोडं मुरतं आणि तिथेच थांबतं. पण तुम्हाला बरं वाटतं तेही खोटं नाही. हाताची ऊब, चोळण्याने स्नायू ढिले पडतात, रक्तप्रवाह वाढतो, दुखण्याचे संदेश काही वेळ मागे पडतात. तेलाचं काम एवढंच की हात सरकावा, कातडी ओढली जाऊ नये.

याच तेलाची एक मोठी कहाणी आहे. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नावाचे शास्त्रज्ञ होते, गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, शेंगदाण्यावर आयुष्य घालवलेले. ते पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचे हातपाय फल्ली तेलाने चोळून द्यायचे. १९३३ च्या शेवटी पेपरात बातमी आली आणि त्यांच्याकडे पेशंटची रीघ लागली, कित्येकांना फरक पडलाही. पुढे लक्षात आलं की गुण तेलाचा नव्हता, चोळण्याचा होता. कार्व्हर कॉलेजात असताना फुटबॉल टीमची मालिश करत, त्यांच्या हाताला ते कसब होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तेलाने काही होत नाही म्हणून मालिशच सोडून देणारे पण असतात आणि तेलच सगळं करतं म्हणून व्यायाम सोडून देणारे पण.

तुमच्या गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूंचा आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली आणायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हे तर कोणत्याही तेलापेक्षा मोठं औषध. लसूण जाळून घातली तर चालेल पण कच्ची ठेचून कातडीवर बांधू नका, चांगले फोड येतात. शुगर असेल तर मॅडमना सांगा की तेल किती गरम आहे ते आधी स्वतःच्या मनगटावर पाहायचं, पायाची संवेदना कमी झालेली असली की भाजलेलं कळत नाही, आणि बोटांच्या बेचक्यात तेल ठेवायचं नाही, तिथे बुरशी होते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर त्या पायाला अजिबात मालिश नको, सरळ दवाखान्यात, नसेत गुठळी असू शकते.

प्रश्न: काशाच्या वाटीने तळपाय घासले की काळं निघतं. ती शरीरातली उष्णता आहे ना? – धरमपेठ

नाही. काशात तांबं असतं, तेलातली किंवा तुपातली आम्लं आणि पायाचा घाम यांच्याशी त्याची क्रिया होऊन ते काळं होतं. तळपाय चोळून झोप चांगली लागते, टाचेच्या भेगा मऊ पडतात, तेवढ्यासाठी जरूर करा. नंतर मोजे घाला, नाहीतर फरशीवर पाय सटकतो.

प्रश्न: उन्हाळ्यात मी गाडीवर घरोघरी डबे पोचवते, १२ ते ३ उन्हातच. निघताना हातातोंडाला फल्ली तेल लावते, ऊन कमी लागते असं आई सांगायची. पण पाठीवर, मानेवर घामोळ्या येतात. – पारडी

ताई, तेल लावून ऊन अडत नाही. वनस्पती तेलांचं ऊन अडवण्याचं बळ नगण्य असतं, आणि आपलं नागपूरचं ऊन म्हणजे ४५ च्या वर जाणारं, तिथे ते काय टिकणार. उलट तेलाच्या थराखाली घामाची तोंडं बंद होतात, त्याच तुमच्या घामोळ्या. एप्रिल ते जून अंगाला तेल नकोच, लावायचंच असेल तर रात्री, थोडं, आणि सकाळी आंघोळ. दिवसा पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता, दुपट्टा, आणि तोंडाला-हाताला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन-अडीच तासांनी परत लावायचं. महाग पडतं मला माहीत आहे, निदान चेहऱ्यापुरतं घ्या, हाताला सुती बाह्या चालतात. पाणी आणि मीठ-साखर सोबत ठेवा, पन्हं मिळालं तर फारच छान.

प्रश्न: मी बाळंतिणींच्या आणि बायकांच्या मालिशीचं काम करते, आता घरीच एक खोली केली. तीळ तेल महाग पडते म्हणून फल्ली तेल वापरू का? टॉवेलचा वास जात नाही, डाग राहतात. – गोकुळपेठ

वापरा, कामाला चांगलं तेल आहे. जड नाही, हात लांबवर सरकतो, लवकर सुकत नाही, त्यामुळे पाठीच्या मोठ्या मालिशीला एकदा घेतलेलं बराच वेळ पुरतं. तुमच्यासाठी तर रिफाइंडच, कारण रोज वेगवेगळ्या कातडीला हात लावता आणि वासही राहत नाही. येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारा, शेंगदाण्याचा त्रास आहे का, अंगावर कुठे चट्टे किंवा जखम आहे का. नवीन कोणी असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून यायला सांगा. सिझेरियनच्या टाक्यांवर आणि फुटलेल्या निप्पलवर तेल नाही. आणि ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी खोबरेल वेगळ्या बाटलीत, वेगळ्या वाटीत ठेवा.

टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात डिटर्जंट टाकून भिजवा, दोन दिवस ठेवले की तेल धाग्यात खवट होतं आणि मग वास जात नाही. यात एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. तेलकट कपड्यांचा ढीग करून गरम जागी ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजनने तेल आतल्या आत तापत जातं आणि कधी कधी आपोआप पेट घेतं. जवसाच्या तेलाला हा धोका सगळ्यात जास्त, त्याचं आयोडीन मूल्य (हा आकडा जेवढा मोठा तेवढी तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया लवकर) १७० ते २०० असतं, फल्ली तेलाचं ८५ ते १०० च्या आसपास, म्हणजे धोका कमी पण शून्य नाही. ड्रायरमधून काढलेले गरम टॉवेल घडी करून एकावर एक रचू नका, आधी पसरून गार होऊ द्या. तेल लागलेला गाऊन घालून गॅसजवळ जाऊ नका, साधं कापड पेटतं त्यापेक्षा ते लवकर पेटतं. बाळंतिणीला शेक देताना हे विशेष लक्षात ठेवा.

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांनी पक्कं सांगितलं. खाण्याचं आम्ही सांभाळतो. पण क्रीम, औषधांत पण असतं का? कसं ओळखायचं? – जरीपटका

असतं, आणि शेंगदाणा असं साधं नाव लिहिलेलं नसतं. लेबलवर अ‍ॅराकिस ऑइल किंवा अ‍ॅराकिस हायपोजिया लिहिलेलं दिसलं की ते फल्ली तेलच. कानातला मळ मऊ करायच्या काही थेंबांत ते असतं, डोक्याच्या कातडीच्या आणि एक्झिमाच्या काही स्टिरॉइड तेलांत असतं, मसाज ऑइलमध्ये तर असतंच. युरोपात २०१७ साली नियम झाला की कॉस्मेटिकमधल्या शेंगदाणा तेलात प्रोटीन दहा लाख भागांत अर्ध्या भागापेक्षा जास्त नको. पण लेबलवर ते तेल रिफाइंड आहे की नाही हे बहुतेक वेळा कळत नाही, म्हणून तुमच्या मुलीसाठी ते नाव दिसलं की बाटली परत ठेवायची, एवढाच नियम पाळा.

मेडिकल स्टोअरमध्ये औषध घेताना आणि प्रत्येक नव्या डॉक्टरकडे आधी अ‍ॅलर्जी सांगायची. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी द्या. आजोळी सुट्टीत जाते तेव्हा तिथल्या सगळ्यांना सांगा, कारण मायेपोटी डोक्याला तेल घालून देणारी मावशी असतेच, आणि ज्या हाताला तेल लागलंय त्याच हाताने तोंड पुसलं तरी त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते कायम जवळ, कपाटात नाही, आणि घरातल्या दोघातिघांना द्यायला शिकवून ठेवा. ओठ किंवा जीभ सुजली, घरघर लागली, उलट्या होऊन मूल एकदम गळून गेलं तर गोळी देऊन वाट पाहत बसायचं नाही, इंजेक्शन असेल तर लगेच द्यायचं, तिला आडवं झोपवायचं, श्वासाला त्रास होत असेल तर टेकवून बसवायचं, आणि १०८ ला फोन करायचा.